भात किती खायचा हेच कळत नाहीये, कार्ब्स आणि पोर्शनचं गणित कुणी नीट समजावेल का?

निळीछत्री

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे जरा लांबलं तर समजून घ्या.

माझं वय ४३, उंची १५८ सेंमी, सुरुवातीचं वजन ७९ किलो. डायबेटिस नाही, थायरॉइड नॉर्मल आहे, बीपी थोडं वरच्या बाजूला असतं म्हणून डॉक्टरांनी वजन कमी करा असं सांगितलंय. तर मी दोन महिन्यांपूर्वी ठरवलं की कार्ब्स बंद. म्हणजे भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद, फळं पण जवळपास बंद. नुसती भाजी, अंडी, चिकन आणि सॅलड. पहिल्या ९ दिवसांत २.४ किलो उतरलं!! मी इतकी खूश होते की काय सांगू. मग पुढचे दहा-बारा दिवस काहीच नाही, काटा तिथल्या तिथे, आणि रात्री अकराच्या सुमारास अशी भूक लागायची की मी किचनमध्ये उभ्या उभ्या ब्रेडच्या चार-पाच स्लाइस खायचे, वर मूठभर शेंगदाणे. एका शनिवार-रविवारी दोन दिवस सगळ्यांबरोबर नॉर्मल जेवले तर सोमवारी वजन १.५ किलो वर. त्या दिवशी मला अक्षरशः रडू आलं.

त्यानंतर मी ठरवलं की बंद नको, कमी करू. आता दुपारी आणि रात्री थोडा थोडा भात घेते, अ‍ॅपमध्ये सगळं लिहिते, आणि अ‍ॅप म्हणतंय की मी दिवसाला १३००-१३५० कॅलरी खातेय. पण गेले साडेतीन आठवडे वजन ७७.८ ते ७८.३ च्या मध्येच फिरतंय. इतकं कमी खाऊन असं कसं होईल?

माझे प्रश्न असे:
एक म्हणजे एक पोर्शन म्हणजे नक्की किती? कुणी म्हणतं एक वाटी, पण वाट्या काय सगळ्यांच्या सारख्या असतात का. माझ्याकडेच तीन साइजच्या आहेत.
दुसरं, कार्ब्स दिवसाला किती ग्रॅम घ्यावेत? कुणी ५० सांगतं कुणी २००.
तिसरं म्हणजे, भात खाऊन वजन कमी होतं का हो खरंच, कारण मला भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही आणि आयुष्यभर सोडणं मला जमणार नाही हे मला आता पक्कं कळलंय.

---

मोजूनमापून

ताई, सगळ्यात आधी एकच विचारतो. तुम्ही अ‍ॅपमध्ये भात लिहिता तेव्हा कच्चे तांदूळ मोजून लिहिता की शिजलेला भात मोजून? आणि अ‍ॅपमधली एन्ट्री कुठली निवडता, कच्च्याची की शिजवलेल्याची?

हे विचारतोय कारण मी स्वतः याच एका गोष्टीत चार महिने घालवलेत. आधी ९६ किलो होतो, आता ८१ वर आहे, दोन वर्षं लागली, आणि त्यातले चार महिने काटा हलला नव्हता. आकडे सांगतो म्हणजे पटेल. १०० ग्रॅम कच्चे पांढरे तांदूळ म्हणजे साधारण ३६० कॅलरी आणि ८० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. १०० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे साधारण १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कार्ब्स. तांदूळ तोच, फक्त शिजताना पाणी पितो आणि वजन अडीच ते तीन पट होतं. मी काय करायचो, सकाळी ८० ग्रॅम तांदूळ मोजून कुकरला लावायचो आणि अ‍ॅपमध्ये ‘भात ८० ग्रॅम’ टाकायचो, अ‍ॅप पहिली एन्ट्री दाखवायचं ती शिजवलेल्याची, म्हणजे हिशोबात यायच्या १०४ कॅलरी आणि पोटात जायच्या २९०. दोन वेळचं धरलं तर रोज पावणेचारशेच्या आसपास कॅलरी कुठेच लिहिल्या जात नव्हत्या, आणि मी आपला म्हणतोय माझं मेटाबॉलिझम बिघडलंय.

पास्ताचं पण असंच असतं, ओट्सचं पण, कडधान्यांचं पण. उलट चिकनमध्ये उलटं होतं, शिजताना पाणी जातं आणि वजन कमी होतं. तेव्हा नियम एकच धरा, ज्या अवस्थेत मोजलंय त्याच अवस्थेची एन्ट्री.

वाटीचं म्हणाल तर तुमची नेहमीची वाटी काट्यावर ठेवा, शून्य करायचं बटण दाबा, आणि रोज जसा भात वाढता तसाच वाढा, दाबून नाही की सैल नाही, रोजच्यासारखा. मी केलं तेव्हा आकडा आला २३५ ग्रॅम. मी त्याला ‘अर्धी वाटीच तर घेतोय’ म्हणायचो कारण वाटी मोठी होती. म्हणजे साधारण ३०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम कार्ब्स, एका वेळेला. मग मी १५० ग्रॅम भात त्याच वाटीत घालून बघितला, वाटीच्या आतल्या बाजूला एक रेघ आहे तिच्या थोडा खाली आला. त्या दिवसापासून ती रेघ माझं माप. आता भातासाठी काटा काढतच नाही.

आणि एक, तेल. हे करून बघाच. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, मग उचलून रोजच्यासारखं कढईत ओता आणि बाटली परत काट्यावर ठेवा. काटा उणे आकडा दाखवतो, तेवढं तेल गेलं. माझं आलं उणे ३१. एक ग्रॅम तेल म्हणजे जवळपास ९ कॅलरी, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी, आणि भाजी खाणारे आम्ही दोघंच. मी भातावर इतका राग काढत होतो आणि भाजीतून माझ्या वाट्याला १४० कॅलरी नुसत्या तेलाच्या येत होत्या ज्या मी कधीच लिहिल्या नाहीत.

घाबरू नका, हे सगळं आयुष्यभर करायचं नाहीये. दोन आठवडे नीट मोजा, डोळ्यांना सवय होते.

---

सांजवारा

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इथे मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून पुढे जा.

आधी ते २.४ किलो. ते गेले तेव्हा तुम्ही खूश झालात आणि आले तेव्हा रडलात, दोन्ही वेळेला मुख्यतः पाणी होतं. शरीर कार्ब्सचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, लिव्हरमध्ये अंदाजे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्स एकदम तोडले की साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं, काटा धाडकन खाली. दोन दिवस नॉर्मल जेवलं की साठा भरतो, पाणी परत येतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे दोन दिवसांत दीड किलो चरबी वाढवायला तुम्हाला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. तुम्ही खाल्ल्या नाहीत. त्या सोमवारी काहीच बिघडलेलं नव्हतं, हे कृपया मनात पक्कं करा, कारण माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं नेमकी अशाच सोमवारी सगळं सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता भात खाऊन वजन कमी होतं का. होतं. स्टॅनफर्डचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, ६०९ लोक, वर्षभर, अर्ध्यांना कमी कार्ब्स आणि अर्ध्यांना कमी फॅट, दोन्ही गटांना भरपूर भाज्या खा आणि साखर-मैदा कमी करा असं सांगितलेलं. वर्षाअखेर कमी फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं आणि कमी कार्ब्सवाल्यांचं ६ किलो, हा फरक गणिती दृष्टीने अर्थपूर्ण निघाला नाही. पण दोन्ही गटांत काहींचं खूप उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. म्हणजे जी पद्धत तुम्हाला वर्षभर चालवता येते तिला महत्त्व आहे, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मग भाताला धरूनच आखणी करूया ना.

कार्ब्स किती? मोठ्या माणसाला दिवसाला किमान १३० ग्रॅम अशी शिफारस बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, ती मेंदू रोज किती ग्लुकोज वापरतो त्यावरून काढलेली आहे. शरीर गरज पडली तर ग्लुकोज स्वतःही बनवतं, त्यामुळे १३० च्या खाली गेलं की आजारी पडतो असं मुळीच नाही, पण वजन उतरवणाऱ्या सर्वसाधारण तब्येतीच्या माणसाला १३० ते १७० हा पट्टा पाळायला सोपा जातो असा माझा अनुभव आहे. तीन जेवणांत वाटला तर एका वेळेला ४०-४५ ग्रॅम, उरलेलं एखाद्या फळात आणि दुधा-दह्यात. ४५ ग्रॅम कार्ब्स म्हणजे डोळ्यांसमोर काय येतं? शिजलेला भात साधारण १६० ग्रॅम. किंवा ब्रेडच्या मध्यम ३ स्लाइस. किंवा उकडलेला बटाटा सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम बटाटे आरामात. किंवा शिजलेला पास्ता १५० ग्रॅम. यातलं कुठलं तरी एक, सगळं एकत्र नाही. भात पण, बटाट्याची भाजी पण आणि वर ब्रेड पण, इथे खरी गडबड होते, कारण बटाट्याला आपण मनातल्या मनात भाजी धरतो.

ताटाची विभागणी म्हणाल तर अर्धं ताट बटाटा-मका सोडून इतर भाज्या, पाव ताट प्रोटीन, पाव ताट कार्ब्स. हे डायबेटिसवाल्यांना पण शिकवतात, तिथे ९ इंचाचं ताट धरतात, मोठ्या थाळ्यात पाव भाग पण खूप मोठा होतो हे लक्षात ठेवा.

आणि रात्री अकराची ती भूक! तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला तीच महत्त्वाची वाटली. कार्ब्स तोडलेत ते ठीक, पण त्या जागी काय आलं ते बघा, सॅलड. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम प्रोटीन, एवढ्यावर दुपार निघत नाही. वजन उतरवताना शरीराच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन असं सर्वसाधारणपणे धरतात, वजन बरंच जास्त असेल तर अपेक्षित वजनावर मोजतात, म्हणजे तुम्हाला ८० ग्रॅमच्या आसपास, दर जेवणाला २५-२७. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. फायबर दिवसाला किमान २५ ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कडधान्यं इथे फार कामाला येतात, १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात २० ग्रॅम कार्ब्स असतात हे खरं पण त्यातलेच ८ ग्रॅम फायबर, शिवाय ९ ग्रॅम प्रोटीन. असे कार्ब्स आणि ज्यूसमधले कार्ब्स एका रांगेत बसवू नका. एका संत्र्यात ३ ग्रॅम फायबर असतं, चावायला वेळ लागतो, कॅलरी साठेक. ग्लासभर ज्यूसमध्ये ११० च्या आसपास कॅलरी, फायबर जवळपास नाहीच, आणि अर्ध्या मिनिटात संपतो.

---

दूरचादिवा

मला थोडं वेगळं मांडायचंय, राग मानू नका. मी दीड वर्ष दिवसाला ५०-६० ग्रॅम कार्ब्सवर आहे आणि मला त्यानेच जमलं. मोजून खाणं मला कधीच जमलं नव्हतं, एक स्लाइस खाल्ली की पाच खायच्याच, भाताचं पण तेच. पूर्ण बाजूला ठेवलं तेव्हा डोक्यातली ती सततची कटकट थांबली. सांजवारा यांनी जो अभ्यास सांगितला त्यातच तुम्ही बघा, काहींना एक जमतं काहींना दुसरं, मी त्यातली.

पण निळीछत्री, तुम्ही जे केलंत ते लो कार्ब नव्हतं हो, ते नुसतं उपाशी राहणं होतं. कार्ब्स काढले तर फॅट आणि प्रोटीन पुरेसं लागतं, मीठ आणि पाणी बघावं लागतं, पहिले काही दिवस डोकं दुखतं, थकवा येतो. आणि तुम्ही जर भाताची इतकी मनापासून आठवण काढत असाल तर हा रस्ता तुमचा नाही असं मलाच वाटतं. आणि माझं पण ११ किलो उतरून पुढे थांबलं होतं, तेव्हा कळलं की मी बदाम मोजतच नव्हते. कार्ब्स कमी म्हणून बरणी घेऊन बसायचे. मूठभर, २८ ग्रॅम, म्हणजे १६० च्या वर कॅलरी, आणि मी तीन मुठी खायचे.

---

दोनथेंब

हा धागा इतर लोक पण वाचतील म्हणून मध्येच लिहितो. ज्यांना डायबेटिस आहे आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही प्रकारच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी वाचून उद्यापासून कार्ब्स निम्मे करू नका, प्लीज. मी केलं होतं. रात्रीचा भात बंद केला आणि इन्सुलिनचा डोस तोच ठेवला. पहाटे तीनला घामाने भिजून उठलो, हात थरथरत होते, मीटरवर ५४. घरात कुणी जागं नव्हतं. साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे आठवायला मला वेळ लागत होता, रोजचा डबा, माझ्याच घरातला. ती भीती अजून अंगावर येते.

७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर घ्यायची, साध्या साखरेचे तीन-चार छोटे चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे मला त्यानंतर शिकवलं गेलं. आता माझे पण कार्ब्स कमीच आहेत पण आधी डॉक्टरांनी डोस खाली आणला, मग मी भात कमी केला. क्रम हा असाच लागतो. आणि ज्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात त्या चालू असताना एकदम कार्ब्स तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, तेही मीटरवर साखर फार जास्त नसताना, त्यामुळे माणसाला कळतच नाही. औषध चालू असेल तर आधी विचारा एवढंच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्यांनी पण.

---

हिरवीपायरी

मोजूनमापून दादांचं सगळं बरोबर आहे, पण एक बाजू मला सांगाविशी वाटते. मी वीस-बावीस वर्षांची असताना मोजणं मला आजारासारखं लागलं होतं. काकडीसुद्धा मोजायचे. काटा नसेल तिथे जेवायचेच नाही. बाहेर यायला दोन वर्षं आणि समुपदेशकाची मदत लागली. तेव्हा ज्यांना पूर्वी असं काही झालंय, किंवा मोजायला लागल्यावर जेवायची भीती वाटायला लागली असं जाणवतंय, त्यांनी काटा आणि अ‍ॅप दोन्ही बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला.

मी हाताच्या मापाने चालते. शिजलेला भात किंवा तसलं काही माझ्या बंद मुठीएवढं. चिकन-मासे तळहाताएवढे, बोटं सोडून. भाज्या दोन ओंजळी, त्याहून जास्त झाल्या तरी चालतं. तेल-लोणी अंगठ्याच्या टोकाएवढं. हात आपल्या अंगाच्या मानाने मोठा-लहान असतो त्यामुळे माप पण बरंचसं आपोआप जुळतं, आणि हात विसरून कुठे जाता येत नाही. ग्रॅममध्ये अचूक नाहीच ते, पण मला दोन वर्षांत ८ किलो त्यानेच उतरलंय आणि जेवताना मन शांत असतं, मला त्याची किंमत जास्त आहे.

अजून एक छोटी गोष्ट. भांडं टेबलावर ठेवू नका. ओट्यापाशीच वाढून घ्या आणि भांडं तिथेच झाकून ठेवा. समोर जास्त वाढलेलं असलं की माणूस जास्तच खातो, हे अभ्यासांतून पण परत परत दिसलंय, याला इच्छाशक्ती वगैरे कमी आहे म्हणून स्वतःला बोलू नका.

---

निळीछत्री

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. लगेच उत्तर दिलं नाही कारण म्हटलं आधी करून बघू आणि मग लिहू. आज ११ दिवस झाले.

मोजूनमापून दादा, तुम्ही विचारलंत तेच निघालं. मी कच्चे तांदूळ मोजत होते आणि अ‍ॅपमध्ये शिजलेल्या भाताची एन्ट्री घेत होते. माझे ७० ग्रॅम कच्चे असायचे, दोन वेळा. म्हणजे रोज मी १८० लिहित होते आणि खात होते ५०० च्या वर. दोन मिनिटं काट्यासमोर नुसती उभी राहिले, साडेतीन आठवडे स्वतःला दोष देत होते की माझ्या शरीरातच काहीतरी गडबड आहे. तेल पण मोजलं, उणे २६, आम्ही तिघं खातो त्यामुळे तेवढं वाईट नाही पण मी शून्य लिहित होते. आणि रात्रीच्या त्या स्लाइसचं तर अ‍ॅपला कधी सांगितलंच नव्हतं, उभ्याने खाल्लेलं लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

आता दुपारी १५० ग्रॅम शिजलेला भात, मसूर किंवा चिकन, आणि भाजी पहिल्यापेक्षा दुप्पट. रात्री १२० ग्रॅम. सकाळी ४० ग्रॅम ओट्स दुधात आणि दोन अंडी. भाजी आणि प्रोटीन आधी खाते आणि भात शेवटी, कुठेतरी वाचलं होतं की त्याने साखर हळू चढते, मला तर एवढंच जाणवलं की भातापर्यंत येते तोवर घाई संपलेली असते. अकराची भूक पहिले तीन दिवस आली, चौथ्या दिवशी मी साडेअकराला घड्याळ बघितलं आणि कळलं की आज विसरलेच. वजन ७७.१. पाणी असेल थोडं, आता मला माहितीये, त्यामुळे फार नाचत नाहीये.

आता दोन प्रश्न उरलेत. बटाटा खाऊ का? मला तो इतका आवडतो, पण ग्लायसेमिक इंडेक्सच्या (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याच्या) तक्त्यात तो लाल रंगात दाखवलेला असतो, कलिंगड पण. आणि भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केला की त्यातले कार्ब्स कमी होतात म्हणे, हे खरं का? तिसरा पण एक आहे, बाहेर जेवायला गेल्यावर काय करू, तिथे काटा थोडीच काढणार.

---

सांजवारा

तुमचं वाचून फार बरं वाटलं, विशेषतः ते विसरलेच वालं.

बटाटा खा. १९९५ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरींचा भाग लोकांना दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सगळ्यात वरचा नंबर. सगळ्यात खाली लोण्यातला क्रोसाँ, ४७. तुमच्या तक्त्यातला लाल रंग फक्त साखर किती वेगाने चढते तेवढंच सांगतो, पोट किती भरतं आणि तुम्ही किती खाल्लंत हे त्याला माहीत नाही. कलिंगडाचं तर सरळच आहे, इंडेक्स ७० च्या वर असला तरी बरंचसं पाणीच असतं, १२० ग्रॅमच्या फोडीत जेमतेम ८-९ ग्रॅम कार्ब्स. फक्त बटाटा उकडलेला किंवा भाजलेला, सालीसकट, आणि त्या जेवणात भात नाही. तळलेल्या बटाट्याची गोष्ट वेगळी, तो भरपूर तेल पितो आणि हात थांबत नाही.

गार केलेल्या भातात थोडा स्टार्च पचायला अवघड होतो हे खरं, पण कॅलरीत पडणारा फरक इतका छोटा असतो की त्याच्या भरवशावर वाटी मोठी करू नका. आणि भात तासन्‌तास बाहेर ठेवून गार करू नका हां, त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष परत गरम करून पण जात नाही. लवकर गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

बाहेर जेवताना हिरवीपायरी यांची मूठ घेऊन जा. एक मूठ कार्ब्स, कुठलाही एक प्रकार निवडून, तळहातभर प्रोटीन, मग भाज्या. ज्यूस किंवा गोड पेय न घेता पाणी घेतलं तरी मोठं काम होतं. जेवण नाहीतरी तेलकट असणार, दुसऱ्या दिवशी मीठ आणि पाण्याने काटा वर दिसणार, तेव्हा त्या सकाळी वजन करूच नका किंवा केलंत तर सात दिवसांची सरासरी काढा आणि तीच बघा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पण एखादा किलो असाच वर-खाली होतो.

---

मोजूनमापून

ताई, ७०० ग्रॅमचं अभिनंदन. एक राहिलंच सांगायचं. पाकिटावरचं लेबल बघताना आधी ‘प्रति १०० ग्रॅम’ आणि ‘प्रति सर्व्हिंग’ यातला कुठला रकाना वाचताय ते बघा, आणि सर्व्हिंग म्हणजे कंपनीने किती ग्रॅम धरलंय ते पण. मी एक पाकीट एकटा संपवायचो आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘या पाकिटात ३ सर्व्हिंग’. शिवाय काही देशांच्या लेबलवर एकूण कार्ब्समध्ये फायबर धरलेलं असतं आणि काही ठिकाणी ते वेगळं काढलेलं असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या पाकिटाची तुलना करताना आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.

---

निळीछत्री

आज दुपारी दोन बटाटे, सालीसकट, काट्यावर २१० ग्रॅम. बरोबर मासे आणि ढीगभर भाजी. पावणेपाच वाजलेत आणि अजून भूक नाही.